दात आंबतात तेव्हा

कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून खाल्ल्या किंवा हिरवी चिंच बराच वेळ चोखली, की दात आंबतात. त्यानंतर जेवायला बसले तर मऊ पोळीचा घासही चावेनासा होतो, गार पाणी प्यायले तर दातांतून शिरशिरी जाते. हा अनुभव बहुतेकांना लहानपणापासून परिचयाचा असतो. दुसऱ्या दिवशी दात पूर्ववत होतात आणि ती गोष्ट विसरली जाते. चेन्नईत राहणारा मराठी माणूस दवाखान्यात गेल्यावर हीच तक्रार 'पल् कूसुदु' अशा तमिळ शब्दांत सांगायला शिकतो. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांची जी गणना आहे, तीत 'दंतहर्ष' नावाचा एक रोग सांगितला आहे. या रोगात दातांना गार-गरम स्पर्श सहन होत नाही. म्हणजे ही व्यथा जुनी आहे आणि अनेक भाषांनी तिला नाव दिलेले आहे.

परंतु दात आंबणे हे दुखण्याचे नाव झाले. ते होते तेव्हा दाताच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते, ते वारंवार घडले तर दाताचे काय होते, झालेली हानी भरून काढता येते का, आणि ती वाढत आहे की थांबली आहे हे कसे ओळखावे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

दाताचे कवच

दाताचा जो भाग हिरडीबाहेर दिसतो, त्यावर दंतवल्काचे आवरण असते. व्यवहारात त्यालाच इनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो आणि ही खनिजे मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांची बनलेली असतात. दाढेच्या उंचवट्यांवर दंतवल्काची जाडी दोन ते अडीच मिलीमीटर असते. हिरडीजवळ मात्र ते अगदी पातळ होत जाते. त्याच्या आत दंतिन हा पिवळसर, तुलनेने मऊ थर असतो. दंतिनातून अतिसूक्ष्म नलिका आतील शिरेपर्यंत जातात. दंतवल्क गेले की या नलिका उघड्या पडतात आणि गार वारासुद्धा शिरेपर्यंत जाणवतो.

हाड मोडले तर ते सांधते, कातडी कापली तर नवी येते. कारण तेथे जिवंत पेशी असतात. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी मात्र दात उगवतेवेळीच नाहीशा होतात. म्हणून एकदा झिजून गेलेले दंतवल्क शरीर पुन्हा निर्माण करू शकत नाही. या विषयातील पुढचे सर्व उपाय आणि सर्व मर्यादा या एका गोष्टीतून निघतात.

आम्लाची तीव्रता सामू, म्हणजेच पीएच, या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. तो जितका कमी, तितका पदार्थ अधिक आम्लधर्मी. हे माप साधे नाही. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. तोंडातील सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. दंतिन तर त्याआधीच, म्हणजे सामू साडेसहाच्या आसपास असतानाच विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ असतो, कोलासारख्या पेयांचा २.५ च्या जवळपास आणि चिंचेच्या कोळाचा २.५ ते ३. जठरातील रसाचा सामू तर १ ते २ पर्यंत उतरतो. साडेपाच आणि अडीच यांत तीनचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात तो हजारपटीचा आहे.

येथे दह्याचा उल्लेख आवश्यक आहे. दह्याचा सामू ४ ते ४.५, म्हणजे ५.५ पेक्षा पुष्कळच कमी असतो. तरीही दही-ताक दातांना अपाय करीत नाही. दह्यात मुळातच कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असते. त्यामुळे दातातील खनिज बाहेर पडण्यास वाव राहत नाही. केवळ जिभेला आंबट लागते म्हणून एखादा पदार्थ दातांचा शत्रू ठरवणे योग्य नाही, हे यावरून लक्षात येईल.

आंबट पदार्थामुळे होणारी ही झीज आणि दाताला लागलेली कीड या दोन भिन्न गोष्टी आहेत. कीड लागते तेव्हा दातावर साचलेल्या थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि एका जागी खड्डा पडतो. आम्लजन्य झिजेत जंतूंचा संबंध नसतो. आम्ल बाहेरून, म्हणजे अन्नातून, पेयांतून किंवा हवेतून येते. अथवा आतून, म्हणजे जठरातून येते. ते स्वच्छ दातालाही सोडत नाही. उलट दोन वेळा जोर लावून दात घासणाऱ्या माणसाचे दात या झिजेने अधिक लवकर जातात, कारण आम्लाने मऊ झालेला थर ब्रशने खरवडून निघतो.

सांबार निर्दोष, चोखणे सदोष

चेन्नईच्या आहारात आंबटाचे स्थान मोठे आहे. तमिळमध्ये चिंचेला 'पुळी' म्हणतात आणि आंबटपणाला 'पुळिप्पु'. चिंच आणि आंबट चव ही भाषेनेही एकाच मुळाशी बांधलेली आहेत. सांबार, रसम, पुळिकुळंबू आणि चिंचेचा पुळियोदरै भात घरोघरी होतो. सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठी राजवाड्यात झाला, आमसुले संपल्यामुळे आमटीत चिंच घातली गेली आणि पाहुणे म्हणून आलेल्या संभाजी राजांच्या नावावरून त्या पदार्थाला नाव मिळाले, अशी गोष्ट सांगतात. तिला कागदोपत्री आधार नाही. दातांविषयीच्या पाठात आलेली ही एक दंतकथाच म्हणावी लागेल.

मग रोज सांबार-भात खाणाऱ्यांचे दात झिजतात काय? असे म्हणता येत नाही. सांबारात चिंच पाण्याने व डाळीने पातळ झालेली असते, ते भातात कालवले जाते, घास चावताना लाळ भरपूर सुटते आणि काही क्षणांत तो पोटात जातो. लाळ हे दातांचे नैसर्गिक संरक्षण आहे. ती आम्ल धुऊन काढते, त्याची तीव्रता कमी करते आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट मऊ पडलेल्या पृष्ठभागाला पुन्हा काही प्रमाणात कठीण करते. जेवणातील आंबटाला तोंड देण्याइतकी ताकद निरोगी लाळेत असते.

खरा प्रश्न दोन जेवणांमधल्या वेळेचा आहे. मरीना किनाऱ्यावर कैरीच्या फोडी मिठात आणि तिखटात घोळवून विकतात. त्या एकदा खाल्ल्याने काही बिघडत नाही. परंतु चिंचेचा गोळा गालात धरून तासभर चोखणे, लिंबू-सोड्याची बाटली हातात ठेवून दुपारभर घोट घोट पिणे, शीतपेय तोंडात खेळवून मग गिळणे, या सवयींमुळे दात दीर्घकाळ आम्लात राहतात. किती आंबट खाल्ले यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ, हे अधिक महत्त्वाचे असते. एका दमात प्यालेला पेलाभर सरबत आणि दहा वेळा थोडे थोडे करून प्यालेला पेलाभर सरबत यांत रसाचे प्रमाण सारखेच असते. दातांच्या दृष्टीने मात्र दुसरा प्रकार पुष्कळ वाईट.

त्यात चेन्नईचा उन्हाळा. मे महिन्यातील 'कत्तिरी'च्या दिवसांत घाम इतका येतो की शरीरातील पाणी कमी पडते आणि तोंड कोरडे होते. नेमक्या याच वेळी माणूस लिंबूपाण्याकडे वळतो. म्हणजे आम्ल वाढते आणि लाळ घटते. अशा दिवसांत आधी साधे पाणी पिऊन तहान भागवावी आणि सरबत चवीपुरते, शक्यतो जेवणाबरोबर घ्यावे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्री निजण्यापूर्वी आंबट पेय घेणे सर्वांत हानिकारक.

गलाईच्या दुकानातील हवा

आंबट न खाताही दात आम्लाने झिजू शकतात. चेन्नईतील मराठी माणसांच्या एका मोठ्या वर्गासाठी ही गोष्ट जिव्हाळ्याची आहे.

सांगली जिल्ह्यातील विटा आणि खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या अवर्षणग्रस्त भागांतील हजारो कुटुंबे गलाईच्या व्यवसायानिमित्त भारतभर पसरली आहेत. जुने दागिने वितळवून त्यांतील सोने-चांदी शुद्ध करणे म्हणजे गलाई. शेतीवर भागेना म्हणून ही माणसे बाहेर पडली आणि जेथे जेथे सराफ बाजार आहे तेथे तेथे पोहोचली. चेन्नईत सौकारपेठ हा सोन्याचांदीच्या व्यापाराचा जुना भाग आहे.

सोने शुद्ध करण्याची एक रीत अशी आहे. अशुद्ध सोन्यात चांदी मिसळून ते वितळवतात, त्याचे पातळ तुकडे करतात आणि ते नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी व तांबे आम्लात विरघळतात, सोने तळाशी राहते. अधिक शुद्धतेसाठी आम्लराज वापरतात. हे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण असून त्यात सोनेही विरघळते. कारागिरांच्या बोलीत या साऱ्याला 'तेजाब' असा एकच शब्द आहे. तेजाब उकळताना जो तांबूस धूर निघतो तो फुप्फुसांना घातक असतो, हे कारागिरांना ठाऊक असते. धुराने खोकला येतो, डोळे चुरचुरतात. दातांवरचा परिणाम मात्र दिसत नाही आणि बराच काळ दुखतही नाही.

बॅटरीचे कारखाने, धातूवर मुलामा देण्याचे कारखाने अशा ठिकाणी काम करणाऱ्यांचे पुढचे दात आम्लाच्या वाफेने झिजतात, असे जगात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहे. तोंडाने श्वास घेताना किंवा बोलताना पटाशीच्या दातांचा ओठांनी न झाकलेला भाग वाफेच्या थेट संपर्कात येतो. वरच्या पुढच्या दातांच्या दर्शनी बाजूपर्यंत लाळही कमी पोहोचते. त्यामुळे दातांच्या कडा प्रथम पातळ व पारदर्शक होतात, मग त्यांचे कपचे उडू लागतात आणि हळूहळू दात आखूड दिसू लागतात. गलाईच्या कोंदट खोलीतील वाफ याच जातीची असते.

यावरचा उपाय दातांच्या डॉक्टरकडे नसून दुकानातच आहे. आम्ल उकळण्याची जागा बसण्याच्या जागेपासून वेगळी असावी. तीवर झडप, धुराडे आणि वाफ बाहेर खेचणारा पंखा असावा. तोंडाला रुमाल बांधल्याने आम्लाची वाफ अडत नाही. ओला रुमाल तर ती शोषून तोंडाजवळ धरून ठेवतो. आम्लवायू शोषणाऱ्या डब्या बसवलेला मुखवटा मिळतो, तो वापरावा. कामाच्या मध्ये मध्ये साध्या पाण्याने चूळ भरावी. नवशिक्या मुलांना भट्टीशी बसवण्याची पद्धत असेल तेथे मालकाने हे आधी पाहिले पाहिजे, कारण सतराव्या-अठराव्या वर्षी गेलेले दंतवल्क त्या मुलाला उरलेल्या पन्नास वर्षांसाठी परत मिळणार नसते.

आतून येणारे आम्ल

पटाशीच्या वरच्या दातांची जिभेकडील बाजू गुळगुळीत, खोलगट आणि पिवळी झालेली दिसली, तर अनुभवी डॉक्टर चिंच-लिंबाची चौकशी करण्यापूर्वी पोटाची चौकशी करतो. जठरातील आम्ल वारंवार घशाशी येत असेल तर ते प्रथम या बाजूवर येते. आम्लपित्ताचा त्रास असलेल्या अनेकांना रात्री आडवे झाल्यावर आंबट पाणी तोंडात येते. काहींना ते झोपेत येते आणि त्यांना कळतही नाही. अशा वेळी दातांची झीज हीच पोटाच्या विकाराची पहिली खूण ठरते. उपचार पोटाच्या डॉक्टरकडे सुरू करावा लागतो.

गरोदरपणातील उलट्यांचाही येथे विचार करायला हवा. त्यात डोहाळे चिंचा-कैऱ्यांचेच असतील तर दातांवर दोन्हीकडून आम्ल येते. उलटी झाल्यावर तोंडाची चव घालवण्यासाठी लगेच ब्रश करण्याची इच्छा होते, ती आवरावी. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भरल्यास आम्ल निष्प्रभ होते. सोडा नसल्यास साधे पाणीही चालते. वजन कमी करण्याच्या नादात मुद्दाम ओकारी काढण्याची सवय लागलेली तरुण मुले-मुली असतात. त्यांना रागावण्यापेक्षा मानसोपचाराची मदत मिळवून देणे गरजेचे असते.

उपचाराचा क्रम

दात आखूड दिसू लागले की रुग्ण म्हणतो, टोप्या बसवून द्या. चांगला डॉक्टर लगेच तयार होत नाही. आम्लाचा उगम सापडला नसेल, तर टोपीच्या कडेला उरलेला दात झिजतच राहतो आणि काही वर्षांनी टोपी सुटते. शिवाय टोपी बसवण्यासाठी उरलासुरला निरोगी दातही घासून कमी करावा लागतो. म्हणून प्रथम रुग्णाला तीन-चार दिवसांची खाण्यापिण्याची नोंद लिहून आणण्यास सांगतात. त्यात सुट्टीचा एक दिवस असावा, कारण सुट्टीच्या दिवशी खाणेपिणे बदलते. काय खाल्ले याबरोबर केव्हा आणि किती वेळ, हेही लिहायचे असते. लिहिता-वाचता येणाऱ्या घरातील मुलाने आईसाठी किंवा वडिलांसाठी ही वही ठेवली तरी चालते. पुष्कळदा ही वही वाचतानाच कारण हाती लागते.

त्यानंतर उरलेले दंतवल्क बळकट करणे. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट रोज वापरावी. डॉक्टर दवाखान्यात अधिक तीव्र फ्लोराइडचा लेप देतात. कथिलयुक्त, म्हणजे स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट या झिजेत अधिक उपयुक्त ठरते. मात्र तमिळनाडूतील धर्मपुरी, सेलम किंवा महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या माणसाने ते डॉक्टरांना सांगावे. त्या भागांतील काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते आणि त्यामुळे दातांवर पडलेले तपकिरी डाग ही वेगळी गोष्ट आहे.

आंबट खाल्ल्यानंतर लगेच दात घासू नयेत, निदान अर्धा तास जाऊ द्यावा, असा सल्ला सामान्यतः देतात. अर्ध्या तासाने दात पूर्ण कठीण होतात असे नव्हे; म्हणून थांबण्यापेक्षा आंबटाची वेळ कमी करणे अधिक मोलाचे. ब्रश मऊ असावा. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी, मिश्री यांनी दात घासणे सोडावे. मिश्रीत तर तंबाखू असते, तिचे तोटे याहून भयंकर आहेत. दात पांढरे करण्यासाठी लिंबाची साल चोळण्याचा घरगुती उपाय अनेक जण सांगतात. त्याने दात प्रथम चकचकीत दिसतात, कारण वरचा थर गेलेला असतो. पुढे ते अधिक पिवळे होतात, कारण आतील दंतिन दिसू लागते.

शिरशिरी कमी करण्यासाठी मिळणाऱ्या अनेक पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला शोरा असतो. पूर्वी नायट्रिक आम्ल शोऱ्यापासूनच काढीत, त्यामुळे त्याला शोऱ्याचे तेजाब असेही म्हणत. ज्या वस्तूपासून दात खाणारे तेजाब निघाले, तिच्यातच दाताची वेदना शमवण्याचा गुण असावा हे नवल खरे. परंतु शोरा शिरेला शांत करतो, झीज थांबवत नाही. दुसरेही एक कारण वेदना थांबवते. झीज सावकाश होत असेल तर दात आतल्या बाजूने नवे दंतिन तयार करून शिरेला मागे सरकवतो. बाहेरून दात कमी होत असतो आणि माणसाला मात्र बरे वाटत असते. दुखणे थांबले म्हणून झीज थांबली असे समजून रुग्ण दवाखान्यात जाणे सोडतो. तो परत येतो तेव्हा दात निम्मे उरलेले असतात.

मोजल्याशिवाय कळत नाही

म्हणून या विकारात उपचाराइतकेच महत्त्व लक्ष ठेवण्याला आहे. अडचण अशी की वर्षभरात होणारी झीज मिलीमीटरच्या काही शतांश भागांत मोजावी लागते. रोज आरशात पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

२००८ साली काही युरोपीय दंततज्ज्ञांनी यासाठी एक सोपी गुणपद्धती मांडली. तोंडाचे सहा भाग करतात: वरचे पुढचे दात, वरच्या उजव्या व डाव्या दाढा, आणि खालचे तसेच तीन भाग. प्रत्येक भागातील सर्वांत झिजलेला दात पाहून गुण देतात. झीज नसेल तर ०. पृष्ठभागाची चमक व पोत नुकताच गेला असेल तर १. स्पष्ट झीज, पण पृष्ठभागाच्या निम्म्याहून कमी, तर २. निम्मा किंवा अधिक पृष्ठभाग गेला असेल तर ३. सहाही भागांची बेरीज जास्तीत जास्त १८ होते. २ पर्यंत काळजीचे कारण नसते. ३ ते ८ म्हणजे कमी धोका, ९ ते १३ म्हणजे मध्यम आणि १४ पासून पुढे तीव्र.

समजा, भट्टीशी बसणाऱ्या एका कारागिराच्या वरच्या पुढच्या दातांना ३ गुण मिळाले, खालच्या पुढच्या दातांना २ आणि दाढांच्या चारही भागांना प्रत्येकी १. बेरीज ९ होते, म्हणजे मध्यम धोका. कमी धोका असलेल्याची फेरतपासणी दोन वर्षांनी चालते. या कारागिराने सहा महिने ते वर्षभरात पुन्हा यावे. येथे बेरजेबरोबर मांडणीही बोलते. आम्ल अन्नातून आले असते तर दाढांचे उंचवटेही खोलगट झाले असते. झीज पुढच्याच दातांवर एकवटली आहे, त्या अर्थी शोध दुकानातील हवेत घ्यावा लागेल.

गुण ढोबळ असतात, म्हणून त्यांच्या जोडीला दातांचे छायाचित्र आणि प्लॅस्टरचा साचा तारीख घालून ठेवतात. सिलिकॉनच्या लगद्याने दातांचा ठसा घेऊन तो मधोमध कापून ठेवण्याची रीतही उपयोगी आहे. पुढच्या भेटीत तोच तुकडा दातावर बसवला आणि ठसा व दात यांत फट दिसली, तर मधल्या काळात दात तेवढा कमी झाला. आता काही रुग्णालयांत तोंडातील दातांची त्रिमितीय प्रतिमा घेणारी यंत्रे आहेत. दोन भेटींच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवून संगणक फरक दाखवतो. घरी भरलेल्या दाढेकडे लक्ष द्यावे. आम्लाने दात विरघळतो, पण भरलेली चांदी विरघळत नाही. ती भोवतालच्या दातापेक्षा उंच, बेटासारखी दिसू लागली तर झीज चालू आहे.

रुग्णाची चित्रासह नोंद ठेवण्याची ही पद्धत तमिळ प्रदेशातील मराठी परंपरेला अनोळखी नाही. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत धन्वंतरी महाल नावाची वैद्यकीय संस्था चालवली. तेथे डोळ्यांवर उपचार झालेल्या रुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह केलेल्या आहेत. उपचार करणाऱ्याच्या आठवणीवर विसंबून न राहता रोगाचे रूप कागदावर उतरवून ठेवावे, ही दृष्टी त्यामागे होती.

झीज थांबल्याचे दोन-तीन तपासण्यांत स्पष्ट झाले, की मगच गेलेला भाग भरून काढण्याचा विचार होतो. आता दात न कापता त्याच रंगाचा कॉम्पोझिट पदार्थ चिकटवून कडा पुन्हा उभ्या करता येतात. हा पदार्थही काही वर्षांनी झिजतो, तुटतो, पण दुरुस्त करता येतो. सगळेच दात खूप आखूड होऊन चावण्याची उंची कमी झाली असेल तर मात्र काम मोठे, वेळखाऊ आणि महागडे होते. चेन्नईत फोर्ट रेल्वे स्थानकाजवळ तमिळनाडू शासनाचे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. १९५३ साली मद्रास मेडिकल कॉलेजचा दंतविभाग म्हणून त्याची सुरुवात झाली. सौकारपेठेपासून ते फार लांब नाही.

गलाई कारागीर एका शहरात कायम राहतोच असे नाही. दुकान बदलते, शहर बदलते, जत्रेला आणि दिवाळीला तो गावी जातो. चेन्नईत घेतलेला ठसा चेन्नईतच राहिला आणि पुढची तपासणी विट्याला झाली, तर तुलना कशाशी करणार? म्हणून गुणांचा कागद, तारीख घातलेली छायाचित्रे आणि जमल्यास सिलिकॉनचा तो लहानसा तुकडा डॉक्टरांकडून मागून घ्यावा आणि शिधापत्रिकेच्या पिशवीत इतर कागदांबरोबर जपून ठेवावा.